अठ्ठ्याहत्तरचा धुरा

सर्वेवाल्याची फाईल उघडली तर स्क्रीन काळीच्या काळी. झूम एक्स्टेंट्स, म्हणजे सगळं एकदम दाखव अशी कमांड, मारली तर खाली डाव्या कोपऱ्यात एक टिंब, वर उजव्या कोपऱ्यात दुसरं टिंब, अन् मधात काहीच नाही. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती, म्हणून बाबा मोटर चालू करायला शेतात जायच्या तयारीत होते, हातात बॅटरी, खांद्यावर दुपट्टा, अन् मी ओसरीत लॅपटॉपसमोर त्या दोन टिंबांकडं पाहत बसलो होतो. बाबांनी एकदा वाकून स्क्रीनकडं पाहिलं.

"काय हरपलं बे?"

"वावर हरपलं," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. आमच्या घरी वावर हरपणं ही हसायची गोष्ट नाही, त्याचं पुढं सांगतो.

काम असं होतं की आमच्या गावापासून बऱ्यापैकी जवळच, दारव्ह्याकडच्या अंगाला, एक जिनिंग-प्रेसिंगचं युनिट उभं राहणार होतं. मी घरूनच एका ऑफिससाठी रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल्डिंगचं मॉडेलिंग करतो, पुण्यात चार वर्षं काढून परत आलेला माणूस, गावात सांगतो की "कंप्युटरवर नकाशे काढतो" अन् लोक समजतात तलाठ्याकडं लागला. एरवी कामं येतात ती कुठल्या कुठल्या शहरातली, पण हे पहिलं काम असं होतं की जिथं मी गाडीनं जाऊन उभा राहू शकत होतो. तीन फायली आल्या होत्या. एक सर्वे, म्हणजे जागेची हद्द, कंटूर म्हणजे चढ-उताराच्या रेषा, नाला, झाडं, विजेचे खांब. दुसरी सिव्हिलची, म्हणजे आतले रस्ते, नाल्या, पाण्याच्या निचऱ्याचे उतार, मेन रोडला जोडणारा फाटा. तिसरं आमचं बिल्डिंगचं मॉडेल. तिन्ही एकावर एक बसवायच्या, बस. ऐकायला अर्ध्या तासाचं काम.

तर ती दोन टिंबं. वरचं उजवीकडचं टिंब म्हणजे आपली जागा, जवळ गेलं की सगळं व्यवस्थित दिसतं. खालचं टिंब म्हणजे उत्तर दिशेचा बाण. सर्वेवाल्यानं बाणाचा ब्लॉक टाकला अन् तो शून्य-शून्यवर तसाच राहून गेला. आता हे शून्य-शून्य कुठं आहे? सर्वे यूटीएममध्ये केलेला (ही जगाचा नकाशा मीटरमध्ये मोजायची पद्धत, तिचं पुढं सांगतो), जागेचा ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडचा आकडा, आठ लाख बारा हजाराच्या आसपास, नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचा, साडेबावीस लाखाच्या वर, सगळं मीटरमध्ये. म्हणजे शून्य नॉर्दिंग विषुववृत्तावर, अन् शून्य ईस्टिंग मालदीव बेटांच्या पश्चिमेला भर समुद्रात. आमच्या जिनिंगचा उत्तरेचा बाण हिंदी महासागरात तरंगत होता अन् दोघांमधलं अंतर साधारण २,४०० किलोमीटर.

रेव्हिटला हे चालत नाही. त्याचा स्वतःचा एक आतला शून्य असतो, इंटर्नल ओरिजिन, तो कधीच हलत नाही, अन् त्याच्यापासून चहूबाजूंनी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटरच्या आतच सगळी भूमिती ठेवा असं त्याचं म्हणणं. त्याच्या पलीकडं आकडे इतके मोठे होतात की दशांशानंतरचं बारीक माप त्याला नीट धरता येत नाही, रेषा थरथरल्यासारख्या दिसतात, गोल कोनेदार होतात, हॅच बसत नाही, स्नॅप भलतीकडं होते. ऑटोकॅडला, म्हणजे नुसत्या रेषांचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरला, सवय आहे असल्या दूरच्या आकड्यांची, रेव्हिटला नाही. रेव्हिट म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या माणसासारखं, शिवेच्या आतलं सगळं इंचाइंचानं माहीत, शिवेच्या बाहेर नेलं की भांबावलं.

आता इथं मला माझी जुनी चूक सांगावी लागते. पुण्याहून परत आल्यावरच्या पहिल्या वर्षी एका गोदामाचं काम होतं. तेव्हाही असंच झालं, रेव्हिटनं कुरकूर केली, अन् मी काय केलं तर सर्वेची फाईल ऑटोकॅडमध्ये उघडली, सगळं सिलेक्ट केलं, उचललं अन् शून्य-शून्यवर आणून ठेवलं. अन् जागेची समोरची हद्द तिरपी होती, ती स्क्रीनवर आडवी सरळ यावी म्हणून सगळं फिरवून घेतलं, डोळ्याला बरं दिसेस्तोवर. किती फिरवलं ते लिहूनही ठेवलं नाही. फाईल सेव्ह केली. नाव तेच. वरून सिव्हिलवाल्यांची फाईलही तशीच सरकवून, फिरवून, त्याच्यावर बसवली, एका खांबावर खांब जुळवला अन् खुश. मॉडेल फार सुंदर दिसत होतं, खोटं नाही सांगत.

मग साईटवर कॉलम मार्किंगला कोऑर्डिनेट मागितले. मी दिले, माझ्या फाईलमधले, सर्वेच्या मूळ आकड्यांत आपल्याला आठवतं तसं परत मिळवून. दुपारी दोन वाजता टोटल स्टेशनवाल्या, म्हणजे मोजणीचं यंत्र लावणाऱ्या, पोराचा फोन आला, "भाऊ, तुमचा ए-वन तं नाल्यात येऊन राह्यला."

ए-वन म्हणजे बिल्डिंगचा पहिला कॉलम. मी म्हटलं, नीट पाह्य.

"नीटच पाहून राह्यलो. प्रिझमवाला पोरगा पाण्यात उभा हाय."

नशीब इतकंच की खोदकाम सुरू झालं नव्हतं. जेसीबीचा एक दिवस गेला, चुना गेला, अन् माझी इज्जत गेली, त्यातलं फक्त चुन्याचं बिल कोणी लावलं नाही. एका अंशाची चूक कोन म्हणून पाहिली तर दिसतही नाही, पण १०० मीटर गेल्यावर ती पावणेदोन मीटर होते. माझी किती अंशांची होती हे मला आजही माहीत नाही, कारण मी लिहूनच ठेवलं नव्हतं.

यात गंमत अशी की नकाशा सरकवणं हा गुन्हा नाहीच मुळी. रेव्हिटमध्येही आपण सर्वेची लिंक, म्हणजे बाहेरून जोडून घेतलेली फाईल, सरकवतो अन् फिरवतो, रोजच. फरक इतकाच की मूळ फाईलमध्ये सरकवलं तर जमिनीचा पत्ताच पुसून टाकला. रेव्हिटमध्ये लिंक सरकवली तर मूळ फाईल जिथं होती तिथंच असते, तिचे आकडे तिच्याजवळ शाबूत, आपण फक्त तिला आपल्या बिल्डिंगच्या खाली ओढून आणतो. मग ॲक्वायर कोऑर्डिनेट्स म्हणायचं अन् त्या लिंकवर क्लिक करायचं. त्या क्षणी रेव्हिट लिंकला विचारते की बाई तू मूळची कुठली, अन् तिचा शून्य, तिची उत्तर, तिची उंची स्वतःच्या वहीत लिहून घेते. यालाच शेअर्ड कोऑर्डिनेट म्हणतात. बिल्डिंग हलत नाही, आतला शून्य हलत नाही, सर्वेचे आकडे बदलत नाहीत, फक्त दोघांमधलं नातं कागदावर येतं. अन् हे झालं की पुढची प्रत्येक फाईल, सिव्हिलची, लँडस्केपची, कोणाचीही, ती बाय शेअर्ड कोऑर्डिनेट्स म्हणून लिंक केली की आपल्या पायानं आपल्या जागी येऊन बसते. हात लावायचा नाही. पिन मारायची अन् बाजूला व्हायचं.

रेव्हिटमध्ये आतला शून्य सोडून आणखी दोन ठिपके असतात, प्रोजेक्ट बेस पॉइंट अन् सर्वे पॉइंट, अन् नवीन पोरं या तिघांत हमखास घोळ करतात. मीही केला. मला ते समजलं ते घरच्या हिशेबानं. आतला शून्य म्हणजे वावरातली विहीर, खोदली तिथं खोदली, आता हलत नाही. प्रोजेक्ट बेस पॉइंट म्हणजे आपल्या सोयीची खुट्टी, गोठ्याच्या कोपऱ्यावर ठोकली तरी आपलं आपल्याला मोजता येते. अन् सर्वे पॉइंट म्हणजे शिवेवरचा दगड, तो आपल्या एकट्याचा नाही, चार गावं त्याच्यावरून मोजतात, तो आपण आपल्या सोयीनं उपटून आणायचा नसते. त्याच्या बाजूला पेपरक्लिपचं एक चिन्ह असते, ते लावलेलं असताना ठिपका ओढला तर ठिपक्यासोबत सगळी शेअर्ड मापंच सरकतात, अन् काढून ओढला तर नुसता ठिपका सरकतो. एवढ्याशा क्लिपमुळं किती साईटवर काय काय झालं असेल देव जाणे.

प्रोजेक्ट नॉर्थ अन् ट्रू नॉर्थचंही तसंच. आमच्या वावरात पेरणीचे तास, म्हणजे ओळी, काढतात ते धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या बाजूनं, सरता धरून, उत्तरेच्या हिशेबानं कोणी पेरत नाही. वावर तिरपं तर तास तिरपे. पण वावरात उभं राहिलं तर तासाच्या बाजूनंच सगळं सरळ वाटते. रेव्हिटची प्रोजेक्ट नॉर्थ म्हणजे ही तासाची दिशा, कागदावर बिल्डिंग सरळ दिसावी म्हणून. सूर्य मात्र तास पाहून उगवत नाही. ती दुसरी उत्तर वेगळी ठेवायची, व्ह्यूच्या प्रॉपर्टीत बदलून पाहायची, पण फाईल फिरवायची नाही. मी गोदामाच्या वेळी नेमकं हेच केलं होतं, तास सरळ दिसावे म्हणून वावरच फिरवलं.

तर या वेळी मी शहाणा होतो. कॉपी केली, कॉपीत तो समुद्रातला बाण तेवढा खोडला, युनिट मीटर आहेत ना ते पाहिलं (आमचं मॉडेल मिलिमीटरमध्ये, इथं चूक झाली की जिनिंग एक तर काडेपेटीएवढी होते नाही तर जिल्ह्याएवढी), सर्वे लिंक केला, ले-आऊटमध्ये दिलेल्या दोन हद्दीच्या दगडांपासूनच्या मापानं बिल्डिंगखाली बसवला, ॲक्वायर केलं. सुंदर. बाबा मोटर लावून परत आले तेव्हा मी चहा मांडला होता. मग सिव्हिलची फाईल बाय शेअर्ड कोऑर्डिनेट्स लिंक केली.

रेव्हिट म्हणालं, लई दूर आहे, ठेवत नाही.

मी आकडे पाहिले. सिव्हिलच्या फाईलमध्ये नॉर्दिंग बरोबर तसंच, साडेबावीस लाखाच्या वर. ईस्टिंग मात्र एक लाख शहाऐंशी हजार. सर्वेत आठ लाख अन् इथं पावणेदोन-दोन लाख, सव्वासहाशे किलोमीटरचा फरक. सर्वेच्या हिशेबानं हा रस्ता कुठं येतो ते काढून पाहिलं तर दमणच्याही पुढं, अरबी समुद्रात. पहिले बाण हिंदी महासागरात अन् आता रस्ता अरबी समुद्रात. यवतमाळ जिल्ह्याच्या माणसाला एका रात्रीत इतका समुद्र झेपत नाही.

पहिला विचार तोच जुना आला. सरकव. एक कोपरा जुळव, होऊन जाईल. अन् करून पाहिलंही, फक्त पाहायला म्हणून, फाट्याजवळची मोरी दोन्ही फायलींत होती, मोरीवर मोरी बसवली. जागेची समोरची बाजू अडीचशे मीटर, दुसऱ्या टोकाला फरक नऊ मीटरच्या वर. म्हणजे नुसतं सरकलेलं नव्हतं, फिरलेलंही होतं, दोन अंशांनी अन् थोडंसं. दोन अंश हा आकडा पाहिल्यावर मला झोप आली नाही, कारण हलगर्जीपणाच्या चुका अशा नेमक्या नसतात. अशा नेमकेपणामागं काहीतरी कारण असतेच.

कारण असं निघालं. यूटीएम म्हणजे काय तर गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची म्हणून तिच्या उभ्या फोडी केल्या, सहा-सहा अंशांच्या, ६० फोडी, त्यांना झोन म्हणतात. ४३ नंबरचा झोन ७२ ते ७८ रेखांश, ४४ नंबरचा ७८ ते ८४. प्रत्येक झोनची मधली रेघ, तिला ५ लाख ईस्टिंग द्यायचं, अन् तिथून डावीउजवीकडं मोजायचं. प्रत्येक झोनचा शून्य वेगळा. ४३ चा मालदीवच्या पश्चिमेला अन् ४४ चा मालदीवच्या पूर्वेला. आता ७८ रेखांश कुठून जातो? अमरावती ७८ च्या अलीकडं, अकोला अलीकडं, दारव्हा अलीकडं. यवतमाळ पलीकडं, वर्धा पलीकडं, नागपूर पलीकडं. यवतमाळहून दारव्ह्याकडं निघालं की सरळ रेषेत बारा-पंधरा किलोमीटरवर ही रेघ आमच्या कापसातून, तुरीतून, कोणाच्या बैलाला माहीत नसताना चालली आहे. शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा मूर्तिजापूरहून यवतमाळला येताना रोज एका झोनमधून दुसऱ्यात जायची, त्या चालीनं जायची की एखाद्यानं उतरून पायी झोन ओलांडला असता अन् परत गाडी पकडली असती.

सर्वेवाला पश्चिमेकडचा, त्याच्या यंत्रात ४३ कायमचा लावलेला. सिव्हिलवाले पूर्वेकडचे, त्यांची सगळी कामं ४४ मध्ये, त्यांनीही पाहिलं नाही की ही जागा रेघेच्या थोडी अलीकडं आहे. चूक म्हणावी तर कोणाचीच नाही, दोघांच्या फायलीवर "डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम" असंच लिहिलेलं, झोन कोणीच लिहिला नव्हता. म्हणजे दोघांनी पत्ता बरोबर लिहिला, गावाचं नाव तेवढं राहिलं.

अन् ते दोन अंश? झोनच्या मधल्या रेघेपासून दूर गेलं की कागदाची उत्तर अन् खरी उत्तर यांच्यात फट पडते. आमच्या इथं, झोनच्या अगदी कडेला, ती फट एक अंशाची. ४३ मध्ये कागद एका बाजूला एक अंश कललेला, ४४ मध्ये उलट बाजूला एक अंश. दोन्ही मिळून दोन. म्हणजे रेव्हिट ज्याला ट्रू नॉर्थ म्हणते ती अशा फाईलवरून घेतली तर खरी उत्तरही नव्हे, ती त्या कागदाची उत्तर. उन्हाच्या अभ्यासाला एक अंशानं काही बिघडत नाही. पण कोणी खऱ्या उत्तरेवरून मोजायला निघालं तर पुन्हा १०० मीटरला पावणेदोन मीटर.

अन् आणखी एक, हे तर मला साईटवरच्या त्या पोरानं शिकवलं (तोच, नाल्यातला, आता आमची दोस्ती आहे). झोनच्या कडेला कागदावरचं अंतर जमिनीपेक्षा थोडं मोठं येते, १०० मीटरला साधारण आठ सेंटीमीटर. आमची शेड ६० मीटरची, लोखंडी, कारखान्यातून कापून-छिद्र पाडून येणारी. निव्वळ रोव्हरवर, म्हणजे जीपीएसच्या मोजणीयंत्रावर, कोऑर्डिनेट टाकून अँकर बोल्ट ठोकले असते तर शेड जवळपास पाच सेंटीमीटर आखूड झाली असती, अन् लोखंडाच्या छिद्राला पाच सेंटीमीटर म्हणजे दुसरा तालुका. म्हणून तो म्हणे, "रोव्हरनं ए-वन अन् दिशा तेवढी घ्या भाऊ, बाकीचं जमिनीवरच्या मापानं."

मी सिव्हिलवाल्यांना सकाळी फोन केला. तुम्हीच तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ४३ झोन करून परत पाठवा, मी इथं फिरवणार नाही. तिकडून बाई म्हणाल्या, "अहो, दोन अंशच आहे ना, रोटेट करून घ्या की." मी म्हटलं, मॅडम, घेतो म्हटलं तर जमते, पण उद्या तुम्ही रिव्हिजन पाठवाल, परवा आणखी एक पाठवाल, अन् दर वेळी मी माझ्या हातानं फिरवत बसेन, कोण्या एका दिवशी विसरेन. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण पाठवलं.

मधल्या दोन दिवसांत मी बाबांना हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. त्यांना झोन नाही समजला पण भानगड लगेच समजली, कारण आमच्या धुऱ्याची मोजणी होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आमचा अन् शेजारच्या काकांचा धुरा, माझ्या आबाजींच्या वेळेपासूनचा वाद. दर पावसाळ्याआधी कोणीतरी एक तास इकडं, मग पुढच्या वर्षी दुसरा एक तास तिकडं. शेवटी मोजणी टाकली. भूकरमापक आला तेव्हा आम्ही दोन्ही घरची माणसं धुऱ्यावर उभी, सगळ्यांना वाटत होतं आता हा इथं यंत्र मांडेल. तो धुऱ्याकडं आलाच नाही. तो गेला पार तिकडं पांदणीच्या पलीकडं, दुसऱ्याच गटांच्या कोपऱ्यावरचे जुने दगड शोधायला. दोन तास दगडच शोधत होता. काका चिडले, "आमचं वावर इकडं हाय ना साहेब, तुम्ही तिकडं काय करून राह्यले?" तो म्हणाला, "जिथं भांडण नाही तिथून सुरू करावं लागते. तुमच्या धुऱ्यावरून मोजलं तर तुमचं भांडणच मोजल्या जाईल."

मला तेव्हा ते नुसतं हुशारीचं बोलणं वाटलं होतं. सिव्हिलच्या फाईलची वाट पाहताना समजलं. मी मोरीवर मोरी बसवून पाहत होतो तेव्हा मी धुऱ्यावर उभा राहूनच मोजत होतो.

जुनी मोजणी साखळीनं व्हायची, ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळी बाय साखळी म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच गुंठा, अन् ४० गुंठ्यांचा एकर. आबाजी अंतरही आण्यात सांगायचे, "दोन साखळ्या चार आणे," अन् लहानपणी मला वाटायचं वावर पैशांनी मोजतात. एका अर्थी तेही बरोबरच होतं.

उंचीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात तितका ताप झाला नाही. सर्वेवाल्यानं मोरीच्या कठड्यावर रंग मारून तिला १००.००० धरलं होतं, आपल्याकडं तशीच पद्धत आहे. सिव्हिलवाल्यांची लेव्हल समुद्रसपाटीपासूनची, तीनशेच्या वर. अन् रोव्हरची कच्ची उंची तिसरीच, कारण जीपीएस ज्या मानलेल्या गोलाकारापासून उंची मोजते तो अन् समुद्रसपाटी यांच्यात आपल्याकडं पन्नास मीटरहून जास्त अंतर आहे. तीन उंच्या, मोरी एकच. मग मोरीच्या कठड्याचीच उंची तिघांकडून मागवली अन् फरक एका कागदावर लिहून सगळ्यांना पाठवला. मॉडेलमध्ये लेव्हलच्या टाइप प्रॉपर्टीत एलिव्हेशन बेस म्हणून एक रकाना असतो, तिथं सर्वे पॉइंट निवडलं की तळमजल्याच्या शून्याऐवजी सर्वेच्या मापातला आकडा दिसतो. जोत्याची उंची मात्र ठरली ती बाबांच्या सांगण्यावरून. त्यांनी म्हटलं त्या नाल्याचं पाणी एकदा मोरीच्या कठड्यावरून गेलं होतं अन् पऱ्हाटीच्या शेंड्याला कचरा अडकला होता. मी ते सर्वेवाल्याला सांगितलं, त्यानं आजूबाजूच्या दोन म्हाताऱ्यांना विचारून खात्री केली, अन् पूररेषा नकाशावर वर सरकली.

या ७८ रेखांशाबद्दल वाचत बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारत मोजायचं मोठं काम, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्वे, विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाची एक रेघ मोजून सुरू केलं, अन् दक्षिणेतून उत्तरेकडं त्रिकोणामागून त्रिकोण रचत जो कंस निघाला तो याच ७८ रेखांशाच्या आसपासनं. कोनमापक यंत्र अर्ध्या टनाचं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना ते आदळून वाकलं तर त्यानं ते स्वतः खोलून दुरुस्त केलं. वीसेक वर्षं असं मोजत मोजत तो वर येत होता, अन् २० जानेवारी १८२३ ला नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला मेला. कबर हिंगणघाटलाच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं, तो कंस कन्याकुमारीपासून पार मसुरीपर्यंत गेला, साधारण २,४०० किलोमीटर, म्हणजे योगायोगानं माझ्या त्या दोन टिंबांमधल्या अंतराइतकाच. यूटीएमची रेघ ७८ वर आली तिचा लॅम्बटनशी काही संबंध नाही, ती सहा-सहाच्या पाढ्यानं आली. पण हिंगणघाटच्या मार्केटला मी बाबांसोबत कापूस घेऊन कितीदा गेलो, रांगेत रात्र काढली, अन् तिथं हा माणूस पुरलेला आहे हे कोणीच कधी सांगितलं नाही. शिखराचं नाव सगळ्यांना पाठ आहे.

सिव्हिलची नवी फाईल तिसऱ्या दिवशी आली. लिंक, बाय शेअर्ड कोऑर्डिनेट्स, ओपन. काही सेकंद काहीच झालं नाही अन् मग रस्ता आला, मोरीवर मोरी, फाट्यावर फाटा, पार त्या टोकाच्या विजेच्या खांबापर्यंत. मी माऊसवरून हात काढून घेतला होता, भीतीनं म्हणा. दोन हद्दीच्या दगडांवर स्पॉट कोऑर्डिनेट टाकून सर्वेच्या यादीशी ताडून पाहिलं, मिलिमीटरपर्यंत बरोबर. पिन मारली. मग लाईट गेली, पण तोवर सेव्ह झालं होतं.

मार्किंगच्या दिवशी मी साईटवर गेलो, बाबा मागं बसले, त्यांना दारव्ह्याला काम होतं म्हणे, पण काम काय ते सांगितलं नाही. पोरानं टोटल स्टेशन लावलं, प्रिझमवाल्याला हातानं इकडं-तिकडं केलं, अन् ए-वनची खुट्टी कोरड्या जमिनीत ठोकली. नाला चांगला लांब होता. "पाय कोरडे हाय ना?" मी त्याला विचारलं तर तो हसला अन् चुन्याची पिशवी माझ्या हातात दिली.

परत आल्यावर बाबा म्हणाले, ते तुझं झोनचं कोठी येते ते दाखव. मग आम्ही यवतमाळच्या रस्त्यानं निघालो, मी फोनवर कोऑर्डिनेटचं ॲप लावून बाबांच्या हातात दिलं अन् सांगितलं, आठ लाखाचा आकडा बदलला की सांगा. ते फार मन लावून पाहत होते, गाडीवर मागं बसून, चष्मा सरकवत. एका ठिकाणी पाठीवर थाप पडली. "बदलला. एक लाख झालं."

मी गाडी बाजूला घेतली. दोन्हीकडं पऱ्हाटी, मधात एक बाभूळ, रस्त्यावर कोणी नाही. बाबा खाली उतरले, फोन मला दिला, रेघ कुठं दिसते का ते पाहिलं, अन् मग रस्त्याच्या कडेनं चालत त्या वावराच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथं वाकून काहीतरी पाहत राहिले. मी हाक मारली तर हातानं बोलावलं.

"पाह्य," ते म्हणाले, "हा धुरा कोरला कोनीतरी. ताजा हाय."